जपानच्या ‘डबा’ गाड्या: कुणाला गोंडस, कुणाला धोकादायक, नेमकं भांडण कशाचं आहे?

डिसेंबर 2025. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाऊसमध्ये वाहन कंपन्यांच्या प्रमुखांसमोर एक वेगळाच विषय काढला. आशिया दौऱ्यात दिसलेल्या इवल्याशा गाड्या त्यांना गोंडस वाटल्या होत्या, जुन्या फोक्सवॅगन बीटलची आठवण करून देणाऱ्या. अशा गाड्या अमेरिकेत बनवण्याचा मार्ग मोकळा करा, असं त्यांनी परिवहनमंत्री शॉन डफी यांना सांगितलं. दोनच दिवसांनी मंजुरी दिल्याची पोस्टही टाकली.

सोशल मीडियावर लगेच दोन गट पडले. एक म्हणतो, स्वस्त, सुटसुटीत, हवीच. दुसरा म्हणतो, चाकं लावलेला डबा, हायवेवर चुराडा होईल.

वरवर पाहता हा आवडीनिवडीचा वाद वाटतो. पण खोलात गेलं तर प्रश्न वेगळाच निघतो: रस्त्यावर मोठी गाडी असेल तर लहान गाडीने घाबरायचं, की मोठीने आवरतं घ्यायचं?

केई म्हणजे काय?

जपानीत ‘केई-जिदोशा’ म्हणजे हलकं वाहन. महायुद्धानंतर देश कंगाल झाला होता, लोकांना परवडेल असं वाहन हवं होतं. म्हणून 1949 मध्ये सरकारने हा वेगळा वर्ग तयार केला. इंजिनाची मर्यादा पुढे 360 सीसी, 1976 मध्ये 550 आणि 1990 मध्ये 660 सीसी झाली. ती आजही तीच आहे.

आजचा नियम असा: लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर, उंची 2 मीटर, याच्या आत गाडी बसली पाहिजे. तुलनेसाठी, आपल्याकडची अल्टो के10 लांबीला 3.53 मीटर आहे. म्हणजे केई तिच्याहूनही आखूड. अमेरिकेतला लोकप्रिय फोर्ड एफ-150 पिकअप, चार दारांचा घेतला तर, सुमारे 5.9 मीटर भरतो.

बदल्यात सवलती मिळतात. केईचा वार्षिक कर 10,800 येन, तर एक लिटरपर्यंतच्या साध्या गाडीचा 25,000 येन. जपानमध्ये गाडी घेताना पार्किंगची जागा असल्याचा दाखला आधी द्यावा लागतो. ग्रामीण भागात बऱ्याच ठिकाणी केईला ही अट नाही.

मग ती डब्यासारखीच का दिसते?

कारण कायद्याने तिला तसं घडवलं. लांबी वाढवता येत नाही, रुंदी वाढवता येत नाही. मोकळी दिशा उरते एकच, वरची. भिंती सरळ केल्या, छप्पर सपाट ठेवलं, चाकं चार कोपऱ्यांत ढकलली की तेवढ्याच जागेत जास्तीत जास्त माणसं आणि सामान मावतं. सुझुकीने 1993 मध्ये आणलेल्या वॅगन आरने हे गणित हिट करून दाखवलं. आज जपानमध्ये सर्वाधिक खपणारी होंडा एन-बॉक्स तर नावातच ‘बॉक्स’ घेऊन फिरते.

नियम गाडीचा आकार कसा ठरवतो, हे आपल्यालाही माहीत आहे. भारतात 2006 पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना कमी कर लागला. 2012 च्या मारुती डिझायरची डिकी आखडली ती त्यामुळेच. ती फॅशन नव्हती, करबचत होती.

जपानमध्ये सगळ्यांना आवडते का?

तिथे विकल्या जाणाऱ्या दर तीन नव्या गाड्यांपैकी साधारण एक केई असते. खेड्यांत तर तिच्याशिवाय पान हलत नाही. रस्ते अरुंद, बस कमी, माणसं म्हातारी. दवाखाना, बाजार, शेत, सगळीकडे तीच.

तरी नाक मुरडणारे तिथेही आहेत. खासगी केईची नंबर प्लेट पिवळी असते, म्हणजे ‘स्वस्तातली गाडी’ हे लांबूनच कळतं. 2019 च्या रग्बी विश्वचषकाच्या निमित्ताने सरकारने पांढऱ्या रंगाच्या खास प्लेट दिल्या, तेव्हा केईवाल्यांनी त्यांवर उड्या टाकल्या. रग्बीचं प्रेम किती आणि पिवळ्या रंगाची लाज किती, हे समजून घ्यायला फार डोकं लागत नाही.

अमेरिकेत अडतं कुठे?

अमेरिकेत लहान गाडीवर बंदी नाही. पण नवी गाडी विकायची तर तिथल्या संघराज्याच्या सुरक्षा चाचण्या पार कराव्या लागतात आणि केई त्या हिशेबाने बनलेलीच नसते. स्वतः डफी यांनीही या गाड्या फ्रीवेवर चालतील का, याबद्दल शंका बोलून दाखवली. म्हणजे राष्ट्राध्यक्षांची पोस्ट आली, तरी कारखान्याचं गणित तिथेच राहतं: नव्या चाचण्यांसाठी गाडी मजबूत केली की ती जड होते, महाग होते आणि बघता बघता केई राहत नाही.

आज तिथे दिसतात त्या बहुतेक जुन्या. 25 वर्षांहून जुन्या गाडीला या सुरक्षा नियमांतून सूट आहे, म्हणून 1990 च्या दशकातले छोटे जपानी ट्रक शेतकरी आणि हौशी लोक आयात करतात. पण नोंदणी राज्यांच्या हातात असते. काही राज्यांनी सुरक्षेचं कारण देत ती थांबवली. मालकांनी आवाज उठवल्यावर 2024 मध्ये टेक्सासने आणि नंतर मॅसॅच्युसेट्सने माघार घेतली.

हा खेळ जुनाच आहे. 1968 मध्ये सुबारू 360 ही केई अमेरिकेत गेली होती. वजन 1,000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 454 किलोच्या आत असल्यामुळे ती तेव्हाच्या सुरक्षा नियमांतून सुटली. पुढच्याच वर्षी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाने तिला नापास केलं.

भीती खरी आहे का?

हो. जड आणि हलक्या गाडीची टक्कर झाली की हलकीला धक्का जास्त बसतो, हे साधं भौतिकशास्त्र आहे. जुन्या केई ट्रकमध्ये तर चालक अगदी पुढच्या काचेमागे बसतो आणि एअरबॅग बहुधा नसतेच.

पण हे अर्धंच चित्र झालं. धक्का किती बसेल हे समोरच्या गाडीच्या वजनावरही ठरतं. अमेरिकेतल्या ‘आयआयएचएस’ या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या 2023 च्या अभ्यासानुसार, 40 इंचांपेक्षा उंच बॉनेटची वाहनं पादचाऱ्याला धडकली तर मृत्यूची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त असते. 2022 मध्ये तिथे 7,500 हून अधिक पादचारी वाहनांच्या धडकेत मेले.

सुरक्षा चाचणी मुख्यतः आतल्या माणसाचा विचार करते. बाहेरच्याचं काय? लहान गाडी तिच्या मालकाला धोक्यात घालते, मोठी गाडी इतरांना. नोंदणी मात्र रोखली जाते ती लहान गाडीची.

आपला काय संबंध?

खूप जवळचा. 1983 ची मारुती 800 आणि पाठोपाठ आलेली ओम्नी, दोघींचं मूळ सुझुकीच्या केईमध्ये, फक्त इंजिन 796 सीसीचं. शाळेची व्हॅन, गावची रुग्णवाहिका आणि हिंदी सिनेमातली अपहरणाची हुकमी गाडी असलेली ओम्नी 2019 मध्ये नव्या सुरक्षा नियमांमुळे बंद झाली. वॅगन आर मात्र टिकली. 2024-25 मध्ये ती देशात सर्वाधिक विकली गेलेली कार ठरली. त्याच वॅगन आरला 2023 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकच स्टार मिळाला होता, हेही विसरून चालणार नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्याच महिन्यात आलेल्या इंधन-कार्यक्षमतेच्या मसुद्यात 909 किलोपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली गेली, आणि कंपन्यांतच जुंपली. मारुतीला ती हवी होती. टाटा, महिंद्रा यांचा विरोध होता: वजनावर सवलत दिली तर सुरक्षेचं काय आणि फायदा नेमका कुणाला?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दुचाकीवर चौघं बसून जाणाऱ्या कुटुंबासाठी स्वस्त छोटी कार हीच मोठी सुरक्षा असते. पण ‘लहान’ म्हणजे ‘कमी मजबूत’ असं गृहीत धरायचं कारण नाही. कायद्याला लांबी-रुंदी ठरवता येते, तशी किमान मजबुतीही ठरवता येते. आणि अवाढव्य गाड्यांच्या बॉनेटची उंचीही. अमेरिकेत आणि आपल्याकडे चर्चा पहिल्या दोन मुद्द्यांभोवतीच फिरते. पायी चालणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज आहे ती तिसऱ्याची.