‘साधी गाठ’ म्हटल्याने भीती संपत नाही

काही महिन्यांपूर्वी आमच्या ओपीडीत अंजनगाव तालुक्यातलीच पन्नाशीकडे झुकलेली एक बाई आली. सोबत नवरा, मोठे दीर आणि एमआरआयच्या फिल्मची पिशवी. शेतात काम करताना तिला झटका आला होता. अमरावतीला तपासणी झाली, तेव्हा मेंदूच्या आवरणातून वाढलेली मेनिंजिओमा नावाची गाठ दिसली. ‘कॅन्सरची वाटत नाही, साधी आहे, घाबरू नका,’ असे तिला तिकडे सांगितले होते. मीही फिल्म पाहून तेच म्हणालो. त्यावर ती हळूच म्हणाली, “तुम्ही साधी गाठ म्हन्ता साहेब, मंग मले रातभर झोप काऊन नाही लागत?”

तिचा प्रश्न बरोबर होता. चूक आमच्या उत्तरात होती.

वैद्यकशास्त्रात ‘साधी’ म्हणजे शरीरात इतरत्र न पसरणारी आणि बहुधा सावकाश वाढणारी गाठ. पाठीवर अशी गाठ असली तर माणूस वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहतही नाही. पण कवटी ही बंद हाडाची पेटी आहे. तिच्यात गाठ कोणत्या जागी आहे, यावर सगळे ठरते. एका जागी ती आयुष्यभर काही त्रास देत नाही. दुसऱ्या जागी तेवढ्याच आकाराची गाठ नजर, ऐकणे, बोलणे किंवा हातापायाची ताकद कमी करू शकते. शिवाय गाठीचा नेमका प्रकार तुकडा तपासल्यावरच पक्का कळतो. म्हणजे रुग्णाच्या भीतीला आधार आहे. तो भित्रेपणा नाही.

आपण मात्र काय करतो? ‘कॅन्सर नाही ना, मग देवाचे आभार मान,’ असे म्हणून तिचे तोंड बंद करतो. तिने रडायचे कधी आणि विचारायचे कोणाला? घरचे रिपोर्ट लपवतात, नाहीतर रुग्णच घरच्यांपासून लपवतो. हे फक्त आपल्या वऱ्हाडात घडते असे नाही. ‘हल्क’ म्हणून आपल्या मुलांना माहीत असलेला अमेरिकन अभिनेता मार्क रफालो याला २००१ साली कानाच्या नसेजवळ अशीच साधी गाठ निघाली. पत्नी पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपण होईपर्यंत त्याने तिला काही सांगितले नाही. शस्त्रक्रियेनंतर चेहऱ्याची एक बाजू बरेच महिने लुळी राहिली आणि डाव्या कानाचे ऐकू येणे कायमचे गेले. गाठ साधीच होती. पण माणसाने सोसले ते साधे नव्हते.

दुसरा ताण निवडीचा. कॅन्सरमध्ये बहुधा डॉक्टर घाई करतात. इथे अनेकदा ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतात आणि कुटुंब गोंधळते. ढोबळमानाने तीन वाटा असतात. गाठ लहान असेल आणि त्रास देत नसेल, तर ठरावीक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवायचे. हे दुर्लक्ष नव्हे, हाही उपचारच आहे. वाढत असेल किंवा दाब देत असेल, तर शस्त्रक्रिया. तिसरी वाट नेमक्या जागी किरण देण्याची. त्यातल्या ‘गॅमा नाइफ’ या नावाने लोक दचकतात, पण स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी शोधलेल्या या पद्धतीत चाकू लागत नाही. ती साधारणपणे लहान गाठींसाठी असते आणि तिने गाठ नाहीशी होतेच असे नाही. वाढ थांबवणे हा उद्देश असतो. पिट्युटरी ग्रंथीच्या काही गाठी तर नुसत्या गोळ्यांनी आकसतात.

बहुतेक साध्या गाठींत ठरवायला काही आठवडे मिळतात. ते वापरावेत. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नाही. मात्र डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या होणे, नजर मंदावणे, झटके, हातपाय लुळे पडणे किंवा गुंगी आली, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ओळखावी. रुग्ण चिडतो, उदास बसतो, झोपत नाही. त्याचे कारण प्रत्येक वेळी ‘मन कमजोर’ हे नसते. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ स्वभाव बदलू शकते. सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी झोप उडवते, साखर वाढवते. झटक्यांच्या लेव्हेटिरासिटाम या गोळीने काहींची चिडचिड वाढते. हे डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. त्यातून जिवावर बेतू शकते. उदासी दोन आठवडे हटत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे, टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

खर्चाची धास्तीही मनाला खाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. तारीख घेण्याआधी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रे विचारून घ्यावीत.

त्या दिवशी मी नवरा आणि दिरांना बाहेर बसवले आणि तिला विचारले, “ताई, नेमकी कशाची भीती वाटते?” मला वाटले, मरणाची म्हणेल. ती म्हणाली, “डोक्सं उघडल्यावर मी माह्या पोरांले ओळखीन नं?” इतके दिवस हा प्रश्न कोणी तिला विचारूच दिला नव्हता. तो मी तिच्या कागदावर लिहून दिला आणि नागपूरच्या मेंदूशल्यचिकित्सकांना तिनेच विचारावा, असे सांगितले. तिने विचारला. गाठीची जागा पाहता तशी शक्यता फार कमी आहे, आणि कोणता धोका खरोखर आहे, हे त्यांनी फिल्म दाखवून समजावले. शस्त्रक्रियेला होकार नंतर तिनेच दिला.

भीती संपली असे ती म्हणाली नाही. झोप लागते, एवढे म्हणाली. मला वाटते, आम्हा डॉक्टरांनी ‘घाबरू नका’ म्हणणे कमी करावे आणि ‘कशाची भीती वाटते’ हे आधी विचारावे. त्याला पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीतही तेवढी काढता येतात.