काबुतो : शांततेने घडवलेले शिरस्त्राण

१/ इ.स. १६१५. ओसाकाचा अखेरचा वेढा. तोयोतोमी पक्षाचा तरुण सरदार किमुरा शिगेनारी याने लढाईला निघण्यापूर्वी आपल्या शिरस्त्राणात सुगंधी धूप जाळला, अशी कथा जपानमध्ये सांगितली जाते. त्याच दिवशी त्याचे छिन्न मस्तक विजेत्या तोकुगावा इएयासूपुढे ठेवण्यात आले, तेव्हा त्याच्या केसांना धुपाचा दरवळ येत होता म्हणे.

२/ या कथेत अलंकार किती, हा प्रश्न वेगळा. पण सामुराईचे शिरस्त्राण, म्हणजे 'काबुतो', केवळ डोके वाचवण्यासाठी नव्हते, हे तिच्यातून नेमके कळते. डोके गेलेच, तर ते जगासमोर कोणत्या रूपात यावे, याचीही तरतूद त्यात होती. म्हणूनच 'युद्धातले काबुतो खरे आणि समारंभातले शोभेचे' ही इतिहासप्रेमींमध्ये रूढ असलेली वाटणी तपासून पाहण्याची गरज आहे.

३/ आधी घडण पाहू. डोक्यावर बसणारी लोखंडी वाटी म्हणजे 'हाची'. ती अनेकदा एकसंध नसे. निमुळत्या पट्ट्या एकमेकींवर चढवून आणि खिळ्यांनी जोडून ती तयार होई. सोळाव्या शतकात ६२ पट्ट्यांची वाटी हे कारागिराच्या हातोटीचे प्रमाण मानले जाई. मानेवर उतरणारा पदरांचा घेर म्हणजे 'शिकोरो'. जपानची हवा दमट, म्हणून लोखंडावर उरुशी वृक्षाच्या चिकाचे लेपावर लेप दिले जात. गंजापासून संरक्षण आणि झळाळी, दोन्ही त्याच लेपाने साधत.

४/ वाटीच्या माथ्यावर एक छिद्र असते, 'तेहेन'. जुन्या काळी त्यातून केसांची गाठ किंवा मऊ टोपीचे टोक वर काढत. पुढे केशरचना बदलली आणि छिद्राचा उपयोग संपला. छिद्र मात्र राहिले. त्याभोवती धातूच्या नक्षीदार कड्या बसू लागल्या आणि त्या जागेला नाव मिळाले 'हाचिमान-झा', म्हणजे युद्धदेव हाचिमानचे आसन. उपयोग सरला, तिथे देव येऊन बसला. काबुतोचा सारा पुढचा इतिहास या एका छिद्रात सामावलेला आहे.

५/ १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदूक आली. काही दशकांत मोठ्या फौजा, झटपट घडवता येणारी हत्यारे आणि साधी चिलखते यांचा काळ सुरू झाला. मोजक्याच पट्ट्यांचे, डोक्याच्या आकाराचे 'झुनारी' शिरस्त्राण याच काळातले : स्वस्त, भक्कम, अनाकर्षक. युद्धाची गरज एवढीच असती, तर गोष्ट इथेच संपली असती.

६/ प्रत्यक्षात घडले उलटेच. याच साध्या वाटीवर शंख, सशाचे कान, माशाची शेपटी असे विलक्षण आकार चढू लागले. यांना 'कावारी काबुतो' म्हणतात. हे आकार पुष्कळदा कागद आणि लेप यांचे असत. होंदा तादाकात्सूच्या शिरस्त्राणावरची हरणाची प्रसिद्ध शिंगेही कागदाचे थर लेपाने कडक करून बनवलेली आहेत. तलवारीपुढे त्यांचा पाड लागणे अवघडच. पण हजारोंच्या गर्दीत आपला सरदार कुठे आहे, हे ती दुरून सांगत. म्हणजे प्रदर्शन हे भर रणांगणावरचेच काम होते.

७/ आणखी एक उदाहरण. कुरोदा नागामासा आणि फुकुशिमा मासानोरी यांच्यात वितुष्ट आले होते. समेट झाला, तेव्हा दोघांनी शिरस्त्राणांची अदलाबदल केली, अशी परंपरा आहे. नागामासाला मिळाले ते 'इचि-नो-तानी' : ११८४ च्या प्रसिद्ध लढाईतील कड्याची आठवण देणारी उभी पाटी माथ्यावर असलेले. १६०० साली सेकिगाहाराच्या रणांगणावर हेच त्याच्या डोक्यावर होते, असे मानले जाते. चार शतकांपूर्वीची लढाई मस्तकावर घेऊन नवी लढाई लढली गेली.

८/ शिरस्त्राण परराष्ट्र व्यवहारातही उतरले. १६१३ मध्ये शोगुन हिदेतादाने ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान जॉन सॅरिस याच्यामार्फत इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला चिलखतांचे दोन संच शिरस्त्राणांसह पाठवले. गंमत अशी की पुढे लंडनमध्ये त्यांचे मूळ विसरले गेले आणि त्यातल्या एका संचाला मुघल बादशहाचे नाव चिकटले. वस्तू टिकते, तिची ओळख टिकेलच असे नाही.

९/ १६१५ नंतर जपानात दोन शतकांहून अधिक काळ मोठे युद्ध जवळपास झालेच नाही. तरीही काबुतो घडतच राहिले. मुलाला पहिल्यांदा चिलखत चढवण्याचा विधी होई. वर्षाच्या पहिल्या महिन्यात चिलखत-शिरस्त्राण मांडून त्यापुढे तांदळाचे मोची ठेवत आणि नंतर ते फोडून खात. दाइम्योंच्या एदोवारीत चिलखतांच्या पेट्या मिरवत जात. संग्रहालयांत डोळे दिपवणारी कितीतरी शिरस्त्राणे या शांततेतली आहेत.

१०/ म्हणून ती बनावट ठरतात का? मुळीच नाही. मागणी समारंभांनी टिकवली, म्हणूनच कौशल्य टिकले. मात्र याच शांततेने दंतकथाही घडवल्या. म्योचिन हे चिलखतकारांचे नामांकित घराणे. एदो काळात त्यांनी जुन्या कामांना प्रमाणपत्रे देताना आपल्या प्राचीन पूर्वजांची नावे सढळ हाताने वापरली. त्यातील पुष्कळ नावांवर आज अभ्यासक विश्वास ठेवत नाहीत.

११/ खरा आक्षेप इथे आहे. समारंभाने हस्तकला जपली, पण रक्त पुसले. शत्रूचे मस्तक आणणाऱ्याला बक्षीस मिळे आणि शिरस्त्राणधारी मस्तकाला अधिक मोल असे, हे सजवलेल्या काबुतोकडे पाहून कुणाच्या मनात येत नाही. अशिगारू पायदळाची साधी लोखंडी टोपी देव्हाऱ्यासारखी मांडली गेली नाही. स्मृतीने सरदार निवडले, शिपाई वगळले.

१२/ असे निर्मळ झालेले प्रतीक पुन्हा युद्धाच्या कामी येऊ शकते. 'जिंकल्यावरही शिरस्त्राणाची दोरी आवळून बांधावी' अशी जपानी म्हण आहे. रशियावरील विजयानंतर, डिसेंबर १९०५ मध्ये, अ‍ॅडमिरल तोगो यांनी आरमाराला निरोप देताना तिचाच आधार घेतला. तोवर सामुराई हा वर्गच उरला नव्हता. दोरी मात्र आवळली जात होती.

१३/ आज ५ मे रोजी जपानी घरांत मुलांसाठी छोटे काबुतो मांडतात आणि मुले वर्तमानपत्राच्या घडीचे काबुतो डोक्यावर घालतात. हिमेजीतले म्योचिन घराणे चिलखतांची मागणी संपल्यावर निखारे उचलण्याच्या लोखंडी काड्या बनवू लागले. त्याच काड्यांच्या वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटा आता प्रसिद्ध आहेत.

१४/ तेव्हा एखाद्या काबुतोसमोर उभे राहिल्यावर 'हे खरोखर युद्धात वापरले होते का?' हा पहिला प्रश्न नसावा. ते कोणाला दिसावे म्हणून घडवले आणि ते दिसत असताना कोण दिसेनासे झाले, हे आधी विचारावे. त्या प्रश्नापासून कौतुक संपत नाही. तिथून इतिहास सुरू होतो.