रांगेतल्यांना मत नाही

अमेरिकेचा स्थलांतर कायदा 29 नोव्हेंबर 1990चा. थोरल्या बुश यांनी त्यावर सही केली आणि एच-वन-बी व्हिसा अस्तित्वात आला. पुण्यापासून नागपूरपर्यंत अनेक घरांना हे नाव पाठ आहे. याच कायद्यातली दुसरी तरतूद मात्र रांगेत उभे राहिल्यावरच नीट कळते. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे 1 लाख 40 हजार ग्रीन कार्डे, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारण सात टक्के. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला. शिवाय या आकड्यात अर्जदाराचा जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. म्हणून भारतीयांना वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते.

यात सर्वांत क्रूर काय असेल, तर मुलांची फरफट. कायद्याच्या हिशेबाने वय 21 झाले की मूल आई-वडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. कडेवर बसून अमेरिकेत गेलेल्या, तिथल्याच शाळेत वाढलेल्या मुलाला मग परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा मागावा लागतो.

हे बदलायचे तर लोकप्रतिनिधींच्या दारात जावे लागते. ज्यांना झळ बसते त्यांना मताधिकार नाही. ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत निवडणूक निधीला देणगी देण्यासही कायद्याने मनाई आहे. उरतो तो गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क, आणि तो या मंडळींनी वापरला आहे. जुलै 2007मध्ये नोकरीच्या जवळजवळ सर्व श्रेणींतले अर्ज घेण्याचे आधी जाहीर झाले आणि 2 जुलैला अचानक दार बंद झाले. वैद्यकीय तपासण्या उरकून, कागद जमवून बसलेल्या लोकांनी स्थलांतर खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेस यांच्या कार्यालयात फुले पाठवली. ही प्रेरणा आदल्या वर्षीच्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मधल्या गांधीगिरीची. ती फुले वॉल्टर रीड रुग्णालयातल्या सैनिकांकडे गेली आणि 17 जुलैला निर्णय फिरला. फुलांच्या जोडीला न्यायालयात खेचले जाण्याचा धाक होता, हेही खरे.

निर्णय फिरवणे एकवेळ जमते. कायदा फिरवणे जमलेले नाही. 29 नोव्हेंबर 2011 रोजी, म्हणजे कायद्याच्या वाढदिवशीच, प्रतिनिधीगृहाने नोकरीच्या ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा हटवणारे विधेयक 389 विरुद्ध 15 मतांनी मंजूर केले. सिनेटमध्ये ते अडकले. जुलै 2019मध्ये पुन्हा 365 विरुद्ध 65. डिसेंबर 2020मध्ये सिनेटनेही आपला मसुदा एकमताने संमत केला, पण दोन्ही मसुद्यांचा मेळ बसण्याआधी सभागृहाची मुदत संपली. एवढ्या मताधिक्यानंतरही हाती काही न लागणे, हे त्या व्यवस्थेचे अपयश आहे.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. एकूण संख्या तीच ठेवून फक्त मर्यादा काढली, तर ताटकळणे इतर देशांच्या माणसांच्या वाट्याला येईल. म्हणून एकूण संख्या वाढवा आणि कुटुंबीयांना त्यातून वगळा, ही मागणी आधी हवी. कंपन्यांवर विसंबून ती पुढे जाणार नाही. त्यांनी या विधेयकांना पाठिंबा दिला हे मान्य, पण रांगेतला कर्मचारी सहसा नोकरी सोडत नाही, आणि त्याची घाई त्यांना त्याच्याइतकी असणे शक्य नाही. सप्टेंबर 2025मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले, तेव्हापासून तर सारे लक्ष नव्याने येणाऱ्यांकडे वळले आहे. आधीच तिथे असलेल्यांची रांग त्यात विसरली जाऊ नये.

आमचे सांगणे अमेरिकी नागरिक झालेल्या मराठी माणसांना आहे. तिथे बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981पासून उभे आहे, गावोगावी महाराष्ट्र मंडळे आहेत. गणपतीला एकत्र येणाऱ्या या घरांतच मतदारही आहेत आणि ताटकळलेलेही. लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात मतदाराच्या शब्दाला जे वजन असते, ते रांगेतल्या माणसाच्या शब्दाला नाही. निदान मुलांना संरक्षण देण्यासाठी वारंवार मांडल्या गेलेल्या ‘अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्ट’ला तुमच्या सिनेटरचा पाठिंबा आहे का, एवढे फोन करून विचारा आणि स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.