तलवारी लाकडी, जखमा खऱ्या

ऐतिहासिक चित्रपट आणि वाद यांची सांगड महाराष्ट्रात आता इतकी पक्की बसली आहे की, एखादा चित्रपट निमूटपणे प्रदर्शित झाला तर प्रेक्षकालाच चुकल्याचुकल्यासारखे वाटावे. गोरेगावच्या पूर्वेस, आरे वसाहत आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या शेजारी, राज्य शासनाने १९७७ साली चित्रनगरी वसविली. पुढे तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. तेथील टेकड्यांवर प्लायवूड, प्लास्टर आणि रंग यांतून राजवाडे उभे राहतात आणि काम संपले की मोडले जातात. वाडे मोडतात, वाद मात्र उरतात. गेल्या दहा-अकरा वर्षांतील या वादांचा हिशेब मांडला, तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. ज्यावरून रण माजते ती बाब बहुधा दुय्यम असते आणि ज्याविषयी समाजाने खरोखर जाब विचारावा, त्याचा कोणी उच्चारही करीत नाही.

उदाहरणे ताजी आहेत. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या कादंबरीवरून निघालेला ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ साली आला. त्याचा आरसेमहाल याच चित्रनगरीत उभारला गेला होता. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात, या एका दृश्यावरून पुण्यात निदर्शने झाली. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’च्या झलकेत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, मंत्र्यांपासून संघटनांपर्यंत सर्वांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. फेब्रुवारीत चित्रपट प्रदर्शित झाल्यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाबद्दल आक्षेप नोंदविला. दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. ‘पानिपत’च्या बाबतीत २०१९ साली महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावरून राजस्थान पेटले आणि निर्मात्यांनी अकरा मिनिटांचा भाग कापला. प्रत्येक वेळी क्रम तोच: आधी संताप, मग माघार, मग कात्री. पुरावा काय सांगतो, हा प्रश्न या क्रमात कोठेच येत नाही.

कात्री या भूमीला नवी नाही. १९३० साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शिवचरित्रावर चित्रपट काढला, तेव्हा ब्रिटिश सरकारला त्याच्या नावातील ‘स्वराज्य’ हा शब्दच खुपला. अखेर तो ‘उदयकाल’ या नावाने पडद्यावर आला. परंतु तेथे निदान विरोधक कोण आणि त्याला भीती कशाची, हे स्पष्ट होते. आज परिनिरीक्षण मंडळाचा दाखला मिळाल्यानंतरही खरा निवाडा रस्त्यावर होतो, आणि तो करणाऱ्याने साधनग्रंथ उघडलेला असावा अशी कोणाची अपेक्षा नसते.

इतिहासाची प्रतिमा बदलते ती अशा निवाड्यांनी नव्हे. संभाजी महाराजांचेच पाहावे. एके काळी नाटकांनी आणि बखरींनी त्यांना व्यसनी, उतावळा राजपुत्र ठरविले होते. तो कलंक धुतला गेला तो संशोधकांच्या कष्टांनी. वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ १९६० साली आला, डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ साली. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ ची. म्हणजे तिच्याआधी अस्सल कागदपत्रांनी वाट मोकळी करून दिली होती. उलट २०१७ च्या जानेवारीत ‘राजसंन्यास’ या नाटकाच्या रागातून पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. त्या कृत्याने संभाजी महाराजांच्या चरित्रात एका अस्सल पत्राचीही भर पडली नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू. २०१६ च्या डिसेंबरात ‘पद्मावती’च्या सेटवर, याच चित्रनगरीत, रंगकाम करणारा एक कामगार पडून मृत्यू पावला. महिनाभराने जयपूरला त्या चित्रपटाच्या चमूवर हल्ला झाला. मार्चमध्ये पन्हाळ्याजवळील पठारावरचा सेट जाळण्यात आला. पुढे चित्रपटाचे नाव बदलले आणि एका नृत्यात राणीची उघडी कंबर संगणकाच्या साहाय्याने झाकण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एवढ्या गदारोळात त्या रंगाऱ्यासाठी मोर्चा निघाला नाही. चितोडच्या राणीच्या अब्रूसाठी देश हलला; तिचा महाल रंगविणाऱ्याच्या प्राणासाठी गोरेगावही हलले नाही.

हा एकच प्रसंग असता तर योगायोग म्हणता आला असता. २०२२ च्या डिसेंबरात ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाची पहिली झलक आली. पडद्यावरील शिवाजी महाराजांच्या डोक्यावर झुंबरात विजेचे दिवे दिसताच लोकांनी टिंगलीचा पाऊस पाडला. महाराजांचे निधन १६८० चे, एडिसनचा दिवा १८७९ चा. टिंगल योग्यच होती. पुढच्याच मार्चमध्ये त्या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी घोडे सांभाळायला आलेला एकोणीस वर्षांचा तरुण पन्हाळगडाच्या तटावरून पडला आणि दगावला. दिव्यांची आठवण अनेकांना आहे. त्या तरुणाची कितीजणांना असेल?

यावर निर्माते म्हणतील की, चित्रपट म्हणजे प्रबंध नव्हे. ते मान्य केले पाहिजे. कलावंताला कल्पनेचे स्वातंत्र्य हवेच, आणि इतिहासाच्या नावाखाली आणखी एक कात्री चालविणारी समिती नेमणे हा रोगापेक्षा भयंकर उपाय ठरेल. पण स्वातंत्र्याबरोबर प्रामाणिकपणाही येतो. आरंभी ‘सत्य घटनांवर आधारित’ म्हणून मिरवायचे आणि आक्षेप येताच ‘ही तर कादंबरी’ म्हणून अंग काढून घ्यायचे, हे दोन्ही डगरींवर हात ठेवणे झाले. पडदा बोलतो तेव्हा त्याचे परिणाम चित्रगृहाबाहेर होतात. ‘छावा’ पाहून मध्य प्रदेशात असीरगडाच्या पायथ्याशी मोगलांच्या मोहरांच्या आशेने लोकांनी रात्री शेते खणली, हे हसण्यावारी नेता येईल. परंतु त्याच मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली तेव्हा खुद्द मुख्यमंत्र्यांना विधानसभेत या चित्रपटाचा उल्लेख करावा लागला, हे हसण्यावारी नेता येणार नाही.

चित्रनगरीची जमीन शासनाची, ती भाड्याने देणारे महामंडळही शासनाचे. म्हणून दोन अटी घालणे शासनाला अवघड नाही. ऐतिहासिक चित्रपटाने कोणत्या साधनांचा आधार घेतला आणि कल्पना कोठे सुरू होते, हे प्रदर्शनापूर्वी जाहीर करावे. त्यात ढवळाढवळ कोणी करू नये, मात्र वाचकाला आणि शिक्षकाला ते पडताळता यावे. आणि परांची, तटबंदी, घोडे, आग यांच्याशी झुंजणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या सुरक्षिततेची तपासणी व विमा झाल्याखेरीज एकाही दृश्याला परवानगी मिळू नये. चित्रपट-कामगारांच्या नोकरीच्या अटींसाठी संसदेने १९८१ सालीच स्वतंत्र कायदा केला होता. विचार नवा नाही; तो प्रत्यक्ष सेटवर दिसणे तेवढे बाकी आहे.

रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, ही शिवशाहीची शिकवण शाळेतले मूल सांगते. त्या राजाच्या नावाने महाल उभारताना माणसाचा जीव जात असेल आणि त्यावरून वाद होत नसेल, तर महाराजांचा अवमान लेझमीने झाला की या मौनाने, याचा निवाडा संतापणाऱ्यांनीच एकदा करावा.