ओठाला लागलं, म्हणजे नक्की काय?



आपल्या हैदराबादच्या मराठी घरांतली बरीच मुलं-मुली आता मेडिकल कोडिंगमध्ये आहेत. बी.एस्सी., बी.फार्म. झालं की सीपीसीची परीक्षा द्यायची आणि माधापूरकडच्या एखाद्या ऑफिसात लागायचं. मीही याच धंद्यातली, हल्ली नव्या मुलांच्या फायली तपासते. मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की आजी-आजोबा हमखास विचारतात, "आमची नात रात्रभर कॉम्प्युटरवर नक्की करते काय?" आज एकाच दुखापतीवरून सांगते. फुटलेला ओठ.

अमेरिकेतल्या दवाखान्यात डॉक्टर पेशंटला तपासतात आणि टिपण लिहितात. ते वाचून आमची मुलं आजाराला एक कोड लावतात, उपचाराला दुसरा. त्यावर विमा कंपनी पैसे देते. आजाराच्या कोडांची तिथली सध्याची पद्धत, आयसीडी-१०-सीएम, १ ऑक्टोबर २०१५ पासून चालू आहे.

आपण म्हणतो, "पोराचा ओठ फुटला." कोडिंगमध्ये एवढ्यानं भागत नाही. नुसता सुजून काळानिळा झाला तर एस००.५३१. फाटला, पण आत काही अडकलं नाही, तर एस०१.५११. काच किंवा खडा आत राहिला असेल तर एस०१.५२१. कोणी चावून जखम झाली असेल तर एस०१.५५१. जखम ओठाला नसून तोंडाच्या आत असेल तर शेवटचा आकडा १ चा २ होतो. दात मोडला तर एस०२.५, जागचा निखळला तर एस०३.२. या सगळ्यांच्या शेवटी एक अक्षर लागतं. प्रत्यक्ष उपचार चालू असेपर्यंत ए, जखम भरत असतानाच्या तपासण्यांना डी, आणि मागे राहिलेल्या व्रणासारख्या परिणामांना एस. नवी मुलं इथे फसतात. त्यांना वाटतं ए म्हणजे पहिली भेट. तसं नाही, उपचार कुठल्या टप्प्यावर आहे ते बघायचं.

टाक्यांचंही तसंच. वरवरचे साधे टाके असतील तर जखमेची लांबी लागते, २.५ सेंटीमीटरपर्यंत एक कोड, पुढे दुसरा. ओठ आरपार फाटला असेल तर कोड वेगळाच, आणि त्यात ओठाच्या उंचीचा किती भाग फाटला हेही विचारतात. डॉक्टरांनी नुसतं "ओठाला टाके घातले" लिहिलं तर आमची मुलगी अडते. ओठाची लाल कड जिथे त्वचेला मिळते, ती रेघ एका मिलिमीटरनं जरी चुकली तरी समोरच्याला दिसते, म्हणून सर्जन पहिला टाका तिथेच जुळवून घालतात. ती रेघ कापली गेली होती का, हे कागदावर हवंच.

मुलं विचारतात, "मॅडम, वर्णनावरून दात तुटल्यासारखा वाटतोय, लावू कोड?" मी नाही म्हणते. आमच्या धंद्याचा नियमच आहे, लिहिलं नाही ते झालं नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारायचं. अंदाजानं लावलेला कोड पेशंटच्या नावावर वर्षानुवर्षं राहतो.

आता हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय त्याचं? तर आमच्या धाकट्या दिरांचं ऐका. बाइकवरून पडले, एक रात्र दाखल होते. डिस्चार्ज कार्डावर फक्त "ओठाला जखम, टाके". तीन आठवड्यांनी समोरचा दात काळा पडला. त्यांच्या पॉलिसीत दाताचा खर्च अपघातामुळे असेल तरच मिळतो. कंपनीनं विचारलं, दाताला त्याच दिवशी लागलं याला पुरावा काय? नशीब की पहिल्या दिवशीचा एक्स-रे घरी जपून ठेवला होता. तो पाहून डॉक्टरांनी त्या दिवशीची तारीख घालून पुरवणी टिपण दिलं, तेव्हा कुठे दोन महिन्यांनी पैसे आले.

पैशापलीकडचंही आहे. मारामारीत दात मोडला किंवा निखळला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ती गंभीर दुखापत ठरते. जुन्या कायद्यातही हेच होतं. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद, गंभीरला सात वर्षांपर्यंत. डॉक्टरांच्या एका ओळीवर दोन्हीकडच्या घरांचं पुढचं ठरतं. त्या ओळीत खरं तेवढंच हवं, कमी नको आणि जास्तही नको.

कुत्रा ओठाला चावला, तर "पडून लागलं" असं चुकूनही सांगू नका. रक्त निघालेला चावा, किंवा तोंडाच्या आतल्या ओल्या त्वचेला लागलेली लाळ, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या गटात येते. लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. घरच्या घरी साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच निघा.

तेव्हा मंडळी, दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी कार्ड वाचा. कशानं लागलं, किती वाजता, ओठ आरपार फाटला का, आत काही अडकलं होतं का, दात तपासले का, एवढं त्यात आहे ना ते पाहा. नसेल तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टरसाहेब, एवढं लिहून द्याल का?" त्याच वेळी मागितलं तर दोन मिनिटांत मिळतं. आणि एक्स-रे गादीखाली न ठेवता फाइलला लावा.