अनुदान म्हणजे मेहरबानी नव्हे

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण घरगुती व्यवहारात खपून जाते. राज्यकारभारात ती लागू केली की अनर्थ होतो. २०२५ साली अमेरिकेतील विद्यापीठांच्या बाबतीत नेमके हेच घडले. मार्च महिन्यात तेथील संघीय सरकारने कोलंबिया विद्यापीठाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने व कंत्राटे रद्द केली. एप्रिलमध्ये हार्वर्डची २२० कोटी डॉलरची अनुदाने गोठवली. या संस्थांनी ज्यू विद्यार्थ्यांचे छळापासून रक्षण केले नाही, हे त्यासाठी दिलेले कारण. मागण्या मात्र प्रवेश, नेमणुका आणि अध्यापन विभागांच्या कारभारापर्यंत जाऊन पोहोचल्या. यावर ‘पैसा सरकारचा, मग अटीही सरकारच्याच; त्यात गैर ते काय?’ असा प्रश्न आपल्याकडील सुशिक्षितही विचारतात. त्याचे उत्तर देणे प्रशासनातील माणसाला टाळता येणार नाही.

पहिली गोष्ट, पोळी सरकारची नसते. ती जनतेची असते आणि सरकार केवळ वाढपी असते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सार्वजनिक जमिनीच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना महाविद्यालयांची दारे उघडून दिली. १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन झाले. संशोधनासाठी मिळणारा पैसा हा कुलगुरूंना दिलेला नजराणा नसून, तज्ज्ञांच्या परीक्षणातून निवडलेल्या कामाचा मोबदला असतो. प्रयोगशाळेतील रोगसंशोधन थांबवल्याने वसतिगृहातील ज्यू विद्यार्थी अधिक सुरक्षित कसा होतो, हे कोणी समजावून सांगेल काय?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. छळाच्या तक्रारी गंभीर असतील तर त्यांची चौकशी झालीच पाहिजे आणि दोषी संस्थेला शिक्षाही झाली पाहिजे. त्यासाठी अमेरिकेत १९६४ पासून नागरी हक्क कायदा आहे. त्याच्या सहाव्या प्रकरणानुसार अनुदान तोडण्यापूर्वी संस्थेला सुनावणीची संधी द्यावी लागते, निष्कर्ष अभिलेखावर नोंदवावा लागतो, काँग्रेसच्या संबंधित समित्यांना अहवाल देऊन ३० दिवस थांबावे लागते आणि कारवाई दोष आढळलेल्या कार्यक्रमापुरतीच मर्यादित ठेवावी लागते. आपल्याकडे एखाद्या कनिष्ठ लिपिकाची वेतनवाढ रोखायची तरी कारणे दाखवा नोटीस बजावावी लागते. मग शेकडो कोटी डॉलर रोखताना ही पायरी गाळण्यास ‘धडाडी’ म्हणायचे काय? कार्यपद्धती हा नोकरशाहीचा चाळा नाही. सत्तेची लहर आणि कायदा यांच्यामधली ती एकमेव भिंत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने हार्वर्ड प्रकरणातील कारवाई बेकायदेशीर ठरवली, ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याबरोबर या कार्यपद्धतीच्या भंगावरही बोट ठेवूनच.

याचा अर्थ विद्यापीठे निर्दोष आहेत असा मुळीच नाही. १९६० च्या आराखड्यात कॅलिफोर्नियाने राज्यातील विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क नसावे हे तत्त्व मान्य केले होते. पुढे राज्याराज्यांनी, विशेषतः २००८ च्या मंदीनंतर, हात आखडता घेतला आणि शुल्क वाढत गेले. आज संघीय विद्यार्थीकर्जाची थकबाकी १.६ लाख कोटी डॉलरच्या घरात आहे. निम्म्याहून अधिक अध्यापक कायम पदाच्या वाटेबाहेर, कंत्राटावर आहेत. आणि समतेची भाषा बोलणाऱ्या कित्येक नामांकित संस्था माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देत राहिल्या. ज्यांना वर्षानुवर्षे ग्राहक म्हणून वागवले, ते संकटकाळी नागरिक म्हणून पाठीशी उभे राहतील ही अपेक्षाच भाबडी होती. त्यात २००७ नंतर तेथील जन्मसंख्या घटत गेल्याने आता अठरा वर्षांची मुलेही कमी होत आहेत. ही तूट भरून काढण्यासाठी परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर विसंबणे आले. २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांसह त्यांत भारताचा क्रमांक पहिला लागला. पण व्हिसाची किल्लीही सरकारच्याच हाती. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींची नोंदणी काही आठवडे थांबली, तेव्हा कर्ज काढून तयारीत बसलेल्या आपल्या घरांनाही हे अवलंबित्व कळून चुकले.

जुलै २०२५ मध्ये कोलंबियाने तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरण्याचे मान्य करून तडजोड केली. याच विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. तेथे सादर केलेला आणि १९२५ मध्ये प्रकाशित झालेला त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर होता. केंद्राच्या तिजोरीचे आणि प्रांतांच्या अधिकारांचे नाते काय, हा त्याचा विषय. त्या विद्यापीठावरच तिजोरीच्या किल्लीपुढे नमते घेण्याची वेळ यावी, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आपणही सावध व्हावे. २०१७ पासून आपल्या केंद्रीय उच्चशिक्षण संस्थांच्या इमारती व साधनांसाठी अनुदानाऐवजी कर्ज देणारी यंत्रणा उभी आहे. कर्ज फेडायचे तर शुल्क वाढवण्याचा मोह होणार, हा अमेरिकेचा अनुभव समोर आहे. विद्यापीठाला पैसा द्यावा तो पुरेसा आणि नियमाने. हिशेब मागावा तो पैशाचा, मतांचा नव्हे. आणि पैसा थांबवावा तो सुनावणी घेऊन, सकारण आदेशाने. एवढे जे शासन पाळत नाही, त्याच्यासाठी वाजणारी टाळी ही भीतीची टाळी असते.