बर्फ थोडा आणि हौस मोठी

हल्ली आपल्या कुटुंबांतून एक नवी हौस शिरली आहे. पूर्वी वडील मंडळींची काशी-प्रयाग, फार तर बदरी-केदार झाली म्हणजे घरातील हिमालयाचा विषय संपत असे. आता नातवंडांना 'बर्फात चालावयाचे' असते, आणि नाताळाच्या सुटीत आठ-दहा माणसांचे बिऱ्हाड नागपूरहून उत्तरेकडे निघते. यात वावगे काही नाही. आमच्या शहापुरातील मुलांना बर्फ ठाऊक असतो तो गारपिटीतल्या गारांचा किंवा गाडीवरच्या गोळ्याचा. त्यांनी एकदा खरे हिम पायाखाली घ्यावे, असे मलाही वाटते. परंतु वर्षभर साठविलेला पैसा खर्चून, गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार झालेल्या आजींना सांभाळीत न्यावे, आणि तेथे पोचल्यावर पिवळे गवत पाहून परतावे, ही गोष्ट अलीकडे वारंवार घडू लागली आहे. म्हणून या महिन्याचे पान या विषयाला.

ही केवळ प्रवाशांची कुरकुर नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे ऐन हिवाळ्यात उघडी पडली होती. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्ला-ए-कलान' म्हणतात. थंडीचा हा कळस. त्यातील बहुतेक दिवस त्या वर्षी कोरडे गेले. पुढल्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये, गुलमर्गच्या हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. सरकारी स्पर्धांची ही गत, तर आपल्या चार दिवसांच्या आरक्षणाची काय कथा!

बर्फाची टंचाई दोन प्रकारची असते, आणि सहल ठरविणाऱ्याने हा भेद प्रथम समजून घ्यावा. आपल्याकडील पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. हिमालयातील हिवाळी बर्फ मुख्यतः भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या आवर्तांतून पडतो. त्यांना हवामानशास्त्रात 'पश्चिमी विक्षोभ' असे नाव आहे. ते आलेच नाहीत, तर खाली काय आणि वर काय, सर्वत्र कोरडेच. अशा वेळी अधिक उंचीवर धाव घेऊन लाभ नाही. याउलट, ढग येतात पण हवा उबदार असते. मग खाली पाऊस आणि वर बर्फ पडतो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, म्हणून या दुसऱ्या प्रकारात पाचशे मीटर वर गेल्यानेही दिवस सत्कारणी लागतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २०१५ साली हेच झाले होते. हिवाळ्यात पाणी पुष्कळ पडले, पण डोंगरावर ते बर्फ होऊन राहिले नाही, आणि पुढे उन्हाळ्यापूर्वीच अवर्षण जाहीर करावे लागले. तिकडे मुलांकडे जाणाऱ्या वाचकांनीही हा हिशेब ध्यानात ठेवावा. तात्पर्य, निघण्यापूर्वी 'बर्फ आहे का?' एवढेच विचारू नये; 'गेल्या पंधरा दिवसांत पाऊस पडला की काहीच पडले नाही?' हे विचारावे.

आता काळाविषयी. नाताळ ही शाळांची सोय आहे, हिमाची नव्हे. अलीकडील अनुभव पाहता फेब्रुवारीचा मध्य अधिक भरवशाचा. येथे मात्र पंचाईत होते, कारण तोच परीक्षेचा हंगाम. जन्मभर खडू हाती धरलेला मनुष्य असे सांगतो याचे नवल वाटेल, पण पाचवी-सहावीतील मुलाची चार दिवसांची शाळा बुडाली तर आकाश कोसळत नाही. दहावीचे मूल घरात असेल तर बेत पुढील वर्षावर टाकावा. त्या मुलापाशी 'कोणीतरी' मागे राहील असे जे म्हटले जाते, ते 'कोणीतरी' म्हणजे नेहमी घरातील धाकटी सूनच असते, आणि वर्षभराच्या स्वयंपाकातून तिलाच खरी सुटी हवी असते.

बर्फावर चालण्याची जी साधने मिळतात त्यांना इंग्रजीत स्नो-शू म्हणतात. आपण हिमपादुका म्हणू. त्यांचे तत्त्व भंडारा जिल्ह्यातील माणसाला समजाविण्याची गरज नाही. रोवणीच्या चिखलात पाय पोटरीपर्यंत रुततो, पण त्याच चिखलावर फळी टाकून तिच्यावर उभे राहिले तर रुतत नाही. भार तोच, तो विस्तृत जागेवर पसरला इतकेच. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांनी लाकडी चौकटीत कातड्याच्या वाद्या विणून अशा पादुका केल्या. काश्मिरी शेतकऱ्याने भाताच्या पेंढ्याची 'पुलहोर' नावाची पायताणे विणली. ती पाय रुतू नये म्हणून नव्हेत, तर ऊब राहावी आणि घसरू नये म्हणून. आपल्याकडे तणसाचे ढीग पडलेले असतात, पण त्याचे जोडे करण्याची वेळ आपणावर कधी आली नाही, हे उष्ण देशाचे भाग्य!

म्हणून बर्फ वीतभरही नसेल तर हिमपादुका भाड्याने घेणे म्हणजे उगाच खर्च. पातळ थराखालचे दगड आणि झुडपे त्यांत अडकतात आणि नवखा मनुष्य तोंडावर पडतो. तेथे खोल नक्षीच्या तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी पुरे. आणि बर्फ दगडासारखा घट्ट झाला असेल तर दातेरी साखळी बुटाला बांधावी लागते. अशा गोठलेल्या वाटेवरील चालण्याचे वर्णन कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात केले आहे. तेथील किन्नरस्त्रिया बोटे आणि टाचा दुखत असूनही आपली मंद गती सोडीत नाहीत. कवीला त्याचे कारण निराळे दिसले; आपण ती मंद गती मात्र अवश्य उचलावी.

स्थळ निवडताना मी उंचीपेक्षा सपाटी पाहीन. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. तेथून झुल्याच्या गाडीने पहिल्या टप्प्याला, कोंगदोरीला, ३,१०० मीटरच्या आसपास जाता येते. खाली बर्फ नसेल तर हा टप्पा आजमावावा. दुसरा टप्पा अफरवटचा, सुमारे ३,९५० मीटरवर. तेथे पहिल्याच दिवशी वृद्धांना, हृदयविकाराच्या मंडळींना आणि लहान मुलांना नेऊ नये. जेमतेम अडीचशे मीटरवर राहणाऱ्या आपल्या छातीला ती हवा एकदम मानवत नाही. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर आणि देवदारांच्या सावलीत बर्फ अधिक काळ टिकतो. दक्षिणेकडील उन्हाची बाजू आधी उघडी पडते. दीड-दोन किलोमीटरची वाट नवख्यांना पुष्कळ झाली.

खरा धोका टंचाई संपते तेव्हा असतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. कोरड्या थंडीत जुना पातळ थर भुसभुशीत होतो, आणि त्यावर एकाएकी ताज्या हिमाचा भार पडला म्हणजे सबंध उतार घसरतो. २०२४ सालचा तो कोरडा जानेवारी सरून फेब्रुवारीत बर्फ आला, आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वर खिलनमर्गजवळ हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू दगावला. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू-लाकडील रस्त्यालगत हिमस्खलनात सात पर्यटक गेले. ते काही गिर्यारोहक नव्हते, आपल्यासारखेच हौशी होते. म्हणून मोठा बर्फ पडल्यावर निदान दोन दिवस थांबावे, उभ्या उताराच्या पायथ्याशी छायाचित्रांसाठीसुद्धा उभे राहू नये, आणि स्थानिक वाटाड्या 'आज नको' म्हणाला तर दिलेले पैसे गेले असे समजून परतावे. 'एवढ्या दूर आलो आहोत' हे वाक्य त्या क्षणी घरातील कोणीही उच्चारू नये. मुलांपुढे तर नाहीच.

बर्फ मुळीच नसेल तर तो दिवस अवंतीपुराला द्यावा. श्रीनगरहून दक्षिणेस राजमार्गावरच, नवव्या शतकातील अवंतिवर्म्याने बांधविलेल्या मंदिरांचे अवशेष तेथे आहेत. कल्हणाची राजतरंगिणी ज्यांनी मराठीतून का होईना चाळली आहे, त्यांना तेथे दोन तास पुरणार नाहीत. आजींसाठी घडीची खुर्ची बरोबर असू द्यावी, आणि गुलमर्गच्या गाडीवाल्याला नकार कळविण्याचे काम आदल्या संध्याकाळीच एका माणसाकडे सोपवावे. आठ जणांत ते कोणाचेच नसले म्हणजे सकाळी दारात गाडी उभी राहते आणि मग सगळेच तिच्यात बसतात.